विश्लेषण : जुन्या ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ गाडीतला ‘खट्’ आवाज नेमका कुठून येतो?

घाटात दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, की गाडीच्या पोटातून ‘खट्’ असा ठोका ऐकू येतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या, आठ-दहा पावसाळे पाहिलेल्या गाड्यांच्या मालकांची ही नेहमीची तक्रार. गॅरेजमध्ये आधी इंजिनचे माउंटिंग बदलले जाते, मग शाफ्ट, मग डिफरन्शियल उघडण्याची भाषा सुरू होते. बिल वाढते, आवाज तसाच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : आवाज कधी येतो?

या गाड्यांतच ठोके जास्त का?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत गिअरबॉक्समधून दोन छोटे शाफ्ट थेट चाकांकडे जातात. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये यात भर पडते ती ट्रान्स्फर केस, मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, त्याला आधार देणारे सेंटर बेअरिंग, मागचे डिफरन्शियल आणि आणखी दोन शाफ्टची. प्रत्येक सांध्यात थोडा ‘प्ले’ असतोच. वयाबरोबर तो वाढतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला किंवा सोडला, की सगळ्या सांध्यांतली ढिलाई एकदम भरून निघते आणि ठोका बसतो.

आवाजावरून जागा कशी ओळखायची?

पहिल्यांदा सस्पेन्शनचा संशय दूर करावा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये अगदी हळू गतिरोधकावरून न्यावी. तेव्हाही ठोका आला तर दोष बहुधा लिंक रॉड किंवा बुशमध्ये आहे. शाफ्टला हात लावायची गरज नाही. ही पाच मिनिटांची चाचणी अनेक गॅरेजांत होतच नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना ‘टक-टक-टक’ येत असेल तर पुढच्या चाकाजवळचा सीव्ही जॉइंट पाहावा. त्याचा रबरी बूट फाटला, की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडते आणि तिच्या जागी पावसाळ्यातला चिखल शिरतो. फाटलेला बूट वेळीच बदलला तर जॉइंट वाचतो.

गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना एकच जड ठोका येत असेल, तर माउंटिंग, डिफरन्शियलचे बुश आणि प्रोपेलर शाफ्टचा ‘क्रॉस’ म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट तपासावा. क्रॉस कोरडा पडला असेल तर ठोक्याआधी काही दिवस हळू वेगात चिवचिव ऐकू येते. हा शाफ्ट चाकाच्या एका फेरीत साधारण तीन-चार फेऱ्या घेतो. त्यामुळे चाकाच्या फेरीमागे एक ठोका असेल तर दोष चाकाच्या बाजूला, त्याहून भराभर ठोके असतील तर शाफ्टकडे, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

पार्किंगमध्ये वळताना मागून गुरगुर?

इथे सर्वाधिक पैसे वाया जातात. वळताना पुढची आणि मागची चाके सारख्या वेगाने फिरत नाहीत. हा फरक मधले कपलिंग सामावून घेते. त्यातले ऑइल जुने झाले, की क्लचच्या चकत्या अडखळतात आणि मागून गुरगुर किंवा ठोके येतात. जुन्या होंडा सीआर-व्हीच्या मागच्या डिफरन्शियलबाबत हे सर्वपरिचित आहे. तिथे बहुतेकदा कंपनीने सांगितलेले खास ऑइल बदलले, की काम भागते. साधे गिअर ऑइल भरले तर त्रास वाढतो.

दुसरे कारण टायर. दोन नवे, दोन झिजलेले अशी जोडी लावली, की चाकांचा घेर बदलतो आणि कपलिंगला सरळ रस्त्यावरही विश्रांती मिळत नाही. सुबारू चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. म्हणजे टायरच्या नक्षीच्या खोलीत जेमतेम १ मिलिमीटरचा!

जिप्सी किंवा जुन्या थारसारख्या गाड्यांचे गणित वेगळे. त्यांत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये फरक सामावणारी यंत्रणाच नाही. कोरड्या डांबरावर ‘फोर व्हील’ लावून वळल्यास गाडी अडखळणार, ठोकेही देणार. हा बिघाड नव्हे, लिव्हर टू व्हीलवर आणावा.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

गाडी रॅम्पवर घेऊन, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद ठेवून शाफ्ट हाताने पिळून पाहायला सांगावे. क्रॉसमधला प्ले हाताला लगेच कळतो. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करून घ्यावी; तो फिरवून बसवला तर नवी थरथर मागे लागू शकते. घरी जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये. दोनच चाके उचलून गाडी गिअरमध्ये टाकणे तर धोक्याचेच, कारण जमिनीवरची चाके फिरली तर गाडी जॅकवरून उडी घेईल.

थांबायचे की चालवायचे?

कपलिंगची गुरगुर आठवडाभर थांबू शकते. सैल झालेला क्रॉस थांबू शकत नाही. तो वेगात तुटला आणि शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर पडले, तर गाडीवरचा ताबा जाऊ शकतो. अशा वेळी टोईंगवाल्याला फोन करताना फ्लॅटबेडच मागवावा. दोन चाके उचलून ओढत नेले, तर धड असलेले कपलिंगही वाटेत खराब होऊ शकते.