कृपादान : मिळते एकाला, असते सर्वांसाठी

निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांतून एक शब्द हमखास भेटतो, 'करिष्मा'. अमुक नेत्याचा करिष्मा चालला, तमुक नेत्याचा ओसरला. शब्द मुळात फारसी. पण आज आपण तो इंग्रजीतल्या 'कॅरिस्मा'च्या अर्थाने वापरतो. गर्दीला आपल्याकडे खेचून घेण्याची एखाद्याची ताकद, असा तो अर्थ. हा इंग्रजी शब्द ग्रीक 'खारिस्मा'वरून आला आणि ख्रिस्ती धर्मविचारात त्याला स्थान दिले ते संत पौलाने. गंमत अशी, की पौलाच्या मनातला अर्थ जवळजवळ उलटा आहे. 'खारिस' म्हणजे कृपा आणि 'खारिस्मा' म्हणजे कृपेने मिळालेली देणगी. मराठी ख्रिस्ती माणूस तिला 'कृपादान' म्हणतो. ती मिळते एकाला, पण असते सर्वांसाठी.

पौलाला हे सांगावे लागले ते एका भांडणामुळे. ग्रीस देशातले करिंथ हे व्यापारी शहर. तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत काही जण प्रार्थनेच्या भरात कोणालाही न कळणाऱ्या 'अन्य भाषां'त बोलत आणि त्यामुळे स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजत. पौलाने इसवी सन ५५च्या सुमारास त्यांना पत्र लिहिले. त्याच्या बाराव्या अध्यायात तो मंडळीला शरीराची उपमा देतो. सगळे शरीर डोळाच झाले तर ऐकायचे कोणी? जे अवयव दुबळे दिसतात त्यांच्यावाचून तर मुळीच चालत नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी तो देणग्यांची यादी देतो. तिच्यात चमत्कार करणारे आहेत, रोग बरे करणारे आहेत आणि त्यांच्याच ओळीत इतरांना मदत करणारे व व्यवस्था पाहणारेही आहेत. रोमकरांच्या पत्रात तो शिकवणे, धीर देणे, उदारपणे देणे, दया करणे हीही कृपादानेच मानतो. प्रीतीविषयीचा प्रसिद्ध तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो. पण तो लिहिला गेला तो या देणग्यांच्या भांडणाच्या ऐन मध्यावर.

मग प्रश्न पडतो, इतकी स्पष्ट शिकवण असताना मंडळ्यांना मरगळ का येते? मला दिसते ते असे. रविवारी उपासना होते. प्रार्थना पाळकसाहेबांनी करायची, संदेश त्यांनीच द्यायचा, आजाऱ्याला त्यांनी भेटायचे, भांडण त्यांनी मिटवायचे. हिशेब आणि इमारत दोन-तीन पंचांच्या गळ्यात. बाकीच्यांनी बाकावर बसायचे आणि दानपेटी पुढे आली की हात खिशात घालायचा. अशा मंडळीतले तरुण हळूहळू येईनासे होतात. त्यांच्यावाचून तिथे काही अडत नाही, हे त्यांना न सांगताच कळलेले असते.

मंडळीला जाग येते म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. पुणे जिल्ह्यातले केडगाव पुरे. पंडिता रमाबाईंनी तिथे 'मुक्ती सदन' उभे केले. १८९६-९७ आणि १९००च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून आणलेल्या अनेक मुली आणि विधवा तिथे होत्या. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनमध्ये त्या प्रार्थनांना उधाण आले. मुली रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. काही जणी अन्य भाषांत बोलल्याचीही नोंद आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचे जगप्रसिद्ध पुनरुज्जीवन सुरू झाले ते पुढच्या वर्षी, १९०६मध्ये. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले. ते दक्षिण अमेरिकेत चिली देशात पोहोचले आणि १९०९मध्ये तिथल्या वालपराइसो शहरात जी जागृती झाली, तिला या पुस्तकाने चालना दिली.

एवढेच सांगितले तर मात्र गोष्ट अर्धी राहते. ज्या मुक्तीत ही प्रार्थना चालली होती, तिथेच हातमाग होते, तेलाचा घाणा होता, अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण होते आणि छापखानाही होता. रमाबाईंचे स्वतःचे कृपादान भाषेचे. १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना संस्कृतच्या ज्ञानाबद्दल 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले होते. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. त्याचे खिळे जुळवले आणि पाने छापली ती मुक्तीतल्या स्त्रियांनी. १९२२मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर पडले. समाजाने जिला ओझे म्हटले, तिच्या बोटांनी हा ग्रंथ जुळवला. डोळे मिटून प्रार्थना करणारी आणि खिळे जुळवणारी, दोघींचे काम एकाच आत्म्याचे, असे पौल म्हणाला असता. रमाबाईंनीही अन्य भाषांना आत्म्याची एकमेव खूण मानले नाही. खरी खूण प्रेमाची, हे त्यांनी ठामपणे लिहिले.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी मंडळ्यांतून परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बरीच म्हटली जात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक म्हणत. त्यांनी अभंग, ओवी, भजन यांत ख्रिस्तभक्ती आणली. 'उपासना संगीता'त आजही त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. नगरपासून मुंबईपर्यंत मराठी मंडळी टाळ वाजवून आपल्या भाषेत देवाशी बोलते, यामागे त्यांचे कृपादान आहे. आणि लक्ष्मीबाई? लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्ण केले आणि 'स्मृतिचित्रे'सारखा ग्रंथ मराठीला दिला. त्यांच्यातली देणगी पहिल्या दिवशी कोणाला दिसली असती?

म्हणूनच प्रश्न देणग्या आहेत की नाहीत हा नाही. त्या ओळखायच्या कशा, हा आहे. तीन गोष्टी मला उपयोगी वाटतात. पहिली, देणगी काम करताना कळते. घरी बसून प्रश्नावली भरल्याने कळत नाही. मुलाला रविवारच्या शाळेत एक धडा घेऊ द्या. शिकवण्याचे दान आहे का ते महिन्याभरात दिसेल. दुसरी, ती आपल्याआधी इतरांना दिसते. मयताच्या घरी एखादी बाई गेली की घर सावरते. तिला ते ठाऊकही नसते. कोणीतरी तिला सांगायला हवे. तिसरी, देणगीची पारख फळावरून करायची. जिने इतरांना बळ येते ती खरी. जिने फक्त एकाच्याच नावाचे फलक लागतात आणि आजाऱ्यांच्या आशेवर पैसा गोळा होतो, तिच्यापासून सावध राहावे.

यात पाळकांचे महत्त्व कमी होते का? मुळीच नाही. इफिसकरांच्या पत्रात पाळक आणि शिक्षक हीही देणगीच म्हटली आहे आणि तिचे काम सांगितले आहे ते इतरांना सेवेसाठी तयार करण्याचे. रोमन कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४मध्ये, कृपादाने सर्व स्तरांतल्या श्रद्धावंतांना मिळतात असे स्पष्ट केले. ज्या पाळकाच्या गैरहजेरीतही आजाऱ्याची विचारपूस होते, मुलांचे वर्ग चालतात, त्याने आपले काम उत्तम केले असे समजावे.

पुढच्या बैठकीत पंचांनी एक करून पाहावे. मंडळीच्या नोंदवहीतली नावे एकेक करून वाचावीत आणि प्रत्येक नावापाशी थांबून विचारावे, या माणसाकडे आपण गेल्या वर्षभरात काय मागितले? वर्गणीखेरीज काहीच मागितले नाही, असे उत्तर ज्यांच्याबाबत येईल, त्यांच्या घरी आधी जावे.