गर्भशस्त्रक्रियेतील हृदयरक्षण

गर्भाशयातील गर्भावर जन्मापूर्वी शस्त्रक्रिया करताना त्याच्या हृदयाची गती, आकुंचनशक्ती व रक्तपुरवठा टिकवून ठेवण्याच्या उपायांना ही संज्ञा लावतात. न्यूझीलंडमधील ए. डब्ल्यू. लायली यांनी १९६३ मध्ये ऱ्हीसस विसंगतीने पीडित गर्भाच्या उदरपोकळीत सुईवाटे रक्त सोडले. प्रत्यक्ष गर्भाशय उघडून शस्त्रक्रिया करण्याचा प्रारंभ मायकेल हॅरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे १९८१ मध्ये केला. पाठीच्या कण्यातील फटीमुळे मज्जारज्जू उघडा राहतो, त्या दोषाकरिता अशी शस्त्रक्रिया विशेषेकरून केली जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, गर्भावस्थेच्या २६ आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी सु. ४० टक्के मुलांना वर्षभरात मेंदूतील साचलेले पाणी वळविणारी नळी लागली. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण सु. ८२ टक्के होते. तथापि हा दोष गर्भाच्या जिवावर सहसा बेतत नाही. शस्त्रक्रियेत हृदय बंद पडणे मात्र बेतू शकते. म्हणून हृदयरक्षणास येथे विशेष महत्त्व आहे.

गर्भाचे हृदय म्हणजे प्रौढ हृदयाची केवळ लहान प्रतिकृती नव्हे. त्याच्या स्नायूत आकुंचनशील तंतू कमी असतात व तो ताठर असतो. पेशींतील कॅल्शियमाचा साठा अपरिपक्व असल्याने आकुंचनासाठी बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमावर बरेच अवलंबून राहावे लागते. प्रत्येक स्पंदनाला अधिक रक्त फेकण्याची त्याची क्षमता तोकडी असते, त्यामुळे मिनिटाला ११० ते १६० ही गती घसरली की अभिसरणही घसरते. चोविसाव्या आठवड्यात गर्भ व वार मिळून रक्त १०० मिलि.हून कमी असते. मोठ्या माणसात नगण्य ठरणारा रक्तस्राव येथे घातक होतो.

खरी अडचण शुद्धिहरणात आहे. गर्भाशय आकसल्यास वारेचा रक्तप्रवाह घटतो, प्रसंगी वार सुटते. म्हणून त्याचे स्नायू पूर्ण सैल ठेवणे अवश्य असते. त्यासाठी मातेला सेव्होफ्ल्युरेनासारखी बाष्परूप औषधे मोठ्या मात्रेत देतात. तीच औषधे वारेतून गर्भात उतरतात आणि त्याच्या हृद्‌स्नायूचे अवसादन करतात. म्हणजे वार वाचविणारे औषधच हृदयाला दुबळे करते. ही मात्रा दीर्घकाळ दिल्यास निलयांचे आकुंचन मंदावते व झडपांतून रक्त उलट गळू लागते. यावर तोडगा म्हणून शुद्धिहरण मुख्यतः शिरेवाटे दिलेल्या औषधांनी सुरू करून बाष्परूप औषध गर्भाशय छेदण्याच्या थोडे आधीच वाढवितात. मातेचा रक्तदाब घसरला की वारेचा प्रवाहही घसरतो; म्हणून तो औषधांनी सावरतात व मोठ्या नीलेवर गर्भाशयाचा भार पडू नये याकरिता मातेला किंचित डाव्या कुशीकडे झुकवितात.

गर्भालाही स्नायूत वेदनाशामक, स्नायुशिथिलक व हृदयगती मंदावू न देणारे ॲट्रोपीन टोचतात. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने हृदयाचे सतत निरीक्षण चालू असते. उघड्या गर्भाशयात कोमट द्रव सोडत राहतात. त्यामुळे गर्भ गार पडत नाही व नाळ दबत नाही. गती मंदावल्यास प्रथम नाळ, द्रवाचे प्रमाण व गर्भाशयाचा ताण तपासतात. एवढ्याने भागले नाही, तर ॲड्रेनॅलीन, ओ गटाचे ऱ्हीसस ऋण रक्त आणि छातीवर बोटांनी दाब हे उपाय योजतात. प्रसूतिकळा रोखण्यासाठी दिलेल्या इंडोमेथॅसिनाने गर्भातील रोहिणीवाहिनी आकसू शकते, म्हणून नंतरही हृदयाकडे लक्ष ठेवावे लागते.

अरुंद झालेली महारोहिणी-झडप सुईतून नेलेल्या फुग्याने रुंदावण्याचे उपचार १९९१ मध्ये लंडनहून प्रथम प्रसिद्ध झाले. या उपचारांत सुई हृदयातच शिरत असल्याने गती मंदावणे व हृदयावरणात रक्त साचणे हे धोके संभवतात. साचलेले रक्त सुईनेच काढतात. गर्भाचे हृदय थांबवून यंत्राने अभिसरण चालविण्याचे प्रयोग मेंढ्यांवर झाले आहेत. त्यांत वारेतील वाहिन्या आकसून रक्तातील वायूंची देवघेव बिघडते, ही मुख्य अडचण ठरली आहे.