स्नायूंचे मोजमाप : अतिदक्षता विभागातील भौतिकोपचारतज्ज्ञांचे प्रशिक्षण

अतिदक्षता विभागातून आपला माणूस बाहेर आला, की आप्तांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. ताप उतरला, व्हेंटिलेटर निघाला, अहवालही समाधानकारक आहेत. मग त्याला उभे का राहता येत नाही? पेणच्या गणपती कारखान्यातील मूर्तिकार असो, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार असो, वा रोहे परिसरात भातलावणी करणारी शेतकरी स्त्री असो, जमिनीवरून उठता न येणे म्हणजे रोजीरोटी थांबणे होय. या अशक्तपणाची चाहूल वेळीच लागावी, म्हणून आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञांना स्नायूंची सोनोग्राफी शिकविण्याचे आम्ही योजिले आहे. त्यामागील विचार आपणांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

गंभीर जंतुसंसर्ग, पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस, मण्यारीचा दंश किंवा महामार्गावरील अपघात, कारण कोणतेही असो, रुग्ण अत्यवस्थ होऊन निश्चल पडला की त्याचे स्नायू झिजू लागतात. आजारात शरीर स्नायूंतील प्रथिने मोडते आणि नवी प्रथिने पुरेशी तयार होत नाहीत. लंडन येथे ६३ रुग्णांवर झालेला व २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पहिल्या १० दिवसांत मांडीच्या पुढील स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटले. अनेक अवयव निकामी झालेल्यांत ही घट अधिक होती.

ही झीज वरून सहसा दिसत नाही. अंगावर सूज असते, त्यामुळे मोजपट्टी फसवते. रुग्ण शुद्धीवर असल्यास १२ स्नायुगटांची ताकद हाताने तपासून प्रत्येकास ० ते ५ गुण दिले जातात. ६० पैकी ४८ हून कमी गुण म्हणजे लक्षणीय अशक्तपणा. परंतु बेशुद्ध रुग्णाला ‘पाय उचला’ असे सांगून काय उपयोग? येथे सोनोग्राफी साहाय्यास येते. ध्वनिलहरी त्वचा व चरबीखालील स्नायू पडद्यावर दाखवितात. त्यात क्ष-किरण नसल्याने तपासणी खाटेपाशी वारंवार करता येते. मांडीच्या स्नायूची जाडी मोजता येते, तसेच बरगड्यांच्या मधून श्वासपटल पाहता येते. श्वास घेताना श्वासपटलाची जाडी २० टक्क्यांहूनही कमी वाढत असेल, तर ते दुर्बल झाल्याचा संशय येतो आणि व्हेंटिलेटर काढताना अधिक सावध राहता येते.

यंत्र चालविणे अवघड नाही; विश्वासार्ह मोजमाप घेणे अवघड आहे. प्रोब किंचित दाबला गेला तरी स्नायू प्रत्यक्षाहून पातळ भासतो. म्हणून भरपूर जेल लावणे, हात हलका ठेवणे, मांडीवर खूण करून दरवेळी तीच जागा व रुग्णाची तीच स्थिती राखणे, ही प्रशिक्षणाची पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे दोघांनी एकमेकांचे आकडे न पाहता एकाच रुग्णाचे मोजमाप घेणे व मग ते ताडून पाहणे. आकडे जुळेपर्यंत ते उपचारांसाठी वापरावयाचे नाहीत, असा आमचा नियम राहील.

सोनोग्राफी यंत्राविषयी समाजात जी सावधगिरी आहे, ती आम्हांस मान्य आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा प्रथम करणारे राज्य महाराष्ट्र होय. तो १९८८ साली झाला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला व २००३ साली तो अधिक कडक झाला. यंत्राची नोंदणी आवश्यक आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनुसार हलविता येण्याजोगे यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात आंतररुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. म्हणजे पेणचे यंत्र गाडीत घालून रोह्यास नेता येणार नाही. घरी गेलेल्या रुग्णाचा पाठपुरावा तेथे हाताच्या तपासणीने आणि खुर्चीवरून उठण्याच्या चाचणीनेच करावा लागेल. रुग्णालयातील प्रशिक्षणही नोंदणीकृत वैद्यकाच्या देखरेखीखाली आणि समुचित प्राधिकाऱ्याच्या संमतीनेच होईल. निदानाची जबाबदारी वैद्यकाचीच राहील.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. सोनोग्राफीने स्नायू बळकट होत नाहीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या अभ्यासात लवकर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना दैनंदिन व्यवहारांत स्वावलंबी होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. उलट २०२२ साली ७५० रुग्णांच्या अभ्यासात नेहमीपेक्षा अधिक व्यायाम दिल्याने लाभ वाढला नाही, त्रासदायक घटना मात्र वाढल्या. तात्पर्य, व्यायामाची मात्रा रुग्णागणिक ठरवावी लागते. ती ठरविताना स्नायूंचे मोजमाप हा एक आधार आहे. रुग्णाची नाडी, रक्तदाब, प्राणवायू आणि त्याचा चेहरा पाहणारी नजर ही त्याहून मोठी.

म्हणूनच आमची विनंती केवळ यंत्रासाठी नाही. यंत्राची पाटी भिंतीवर लागते. प्रशिक्षणाच्या तासांची पाटी कोठेही लागत नाही. तरीही आपल्या देणगीचा काही भाग त्या तासांसाठी राखून ठेवावा, असे आम्ही सुचवितो. आप्तांनीही भेटीच्या वेळी रुग्णाचे हातपाय कसे हलवावेत, हे आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञांकडून अवश्य शिकून घ्यावे. रुग्ण घरी परतून जमिनीवरून आधाराविना उठला, तरच अतिदक्षता विभागाचे काम पूर्ण झाले असे आम्ही मानतो.