फेरफार केलेल्या मोटारीच्या इंजिन तेलातील इंधनमिश्रण : निदानाची पद्धती

प्रस्तावना :
अंतर्ज्वलन इंजिनाच्या आयुष्यात वंगण तेलाचे स्थान मध्यवर्ती आहे. क्रँकशाफ्ट व त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा काही मायक्रॉन जाडीचा थर टिकून राहतो, म्हणूनच धातूला धातू घासत नाही. तेल दूषित होणे म्हटले की धूळ, काजळी व पाणी यांचा विचार सामान्यतः केला जातो. परंतु ज्या इंधनावर इंजिन चालते तेच इंधन तेलात उतरून त्याची वंगणक्षमता नष्ट करू शकते, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहते. शक्तिवृद्धीसाठी मूळ रचनेत बदल केलेल्या पेट्रोल मोटारींमध्ये हा दोष विशेषत्वाने आढळतो आणि तेथे त्याचे निदानही अधिक गुंतागुंतीचे असते. तेलात इंधन आढळणे हे निदान नसून लक्षण आहे. ते किती आहे आणि कोठून आले, या दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच निदान पूर्ण होते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तेलात इंधन उतरण्याची प्रक्रिया :
सिलिंडरमध्ये फवारलेले सर्व पेट्रोल वाफ होऊन जळतेच असे नाही. इंजिन थंड असताना त्याचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवर द्रवरूपात साचतो, तेथील तेलाचा थर धुऊन काढतो आणि पिस्टन रिंगच्या फटीतून खालच्या चेंबरमध्ये उतरतो. थोड्या प्रमाणात ही क्रिया निरोगी इंजिनातही घडते. पेट्रोल साधारणतः ३० ते २१० अंश सेल्सिअस या दरम्यान उकळते. त्यामुळे तेल पुरेसे तापले की त्यातील बराचसा भाग वाफ होऊन क्रँककेस वायुवीजनाच्या, म्हणजे पीसीव्ही नळीच्या, मार्गाने पुन्हा ज्वलनासाठी जातो. आत येणारे व बाहेर जाणारे इंधन यांचा हा समतोल बिघडला, की तेलातील इंधनाचे प्रमाण वाढत जाते.

मूळ रचनेच्या मोटारीतही असे घडू शकते. २०१८ च्या आरंभी चीनच्या थंड प्रदेशांत होंडाच्या १.५ लिटर टर्बो इंजिनांतील तेलाची पातळी वाढत असल्याच्या तक्रारी आल्या आणि नव्या सीआर-व्ही मोटारीची तेथील विक्री काही काळ थांबवावी लागली. कडाक्याची थंडी व लहान अंतराचे प्रवास यांमुळे समतोल कसा ढळतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

फेरफारांमुळे निर्माण होणारी कारणे :
फेरफार केलेल्या मोटारीत हा समतोल एकाच वेळी अनेक बाजूंनी ढळू शकतो.

१) मोठे इंजेक्टर : जादा शक्तीसाठी बसविलेले मोठे इंजेक्टर मंद गतीला अत्यल्प इंधन अचूकपणे सोडू शकत नाहीत. त्यांची गुणवैशिष्ट्ये ईसीयू या नियंत्रक संगणकात नीट नोंदवली नसतील, तर मिश्रण गरजेपेक्षा समृद्ध होते.

२) फोर्ज्ड पिस्टन : कमी सिलिकॉन असलेल्या मिश्रधातूचे पिस्टन उष्णतेने अधिक प्रसरण पावतात. म्हणून ते बसविताना सिलिंडरशी अधिक अंतर ठेवावे लागते. इंजिन थंड असताना याच अंतरातून वायू व इंधन खाली जाते.

३) थर्मोस्टॅटविरहित ऑईल कूलर : यामुळे तेल आवश्यक तापमानापर्यंत पोहोचतच नाही आणि आत आलेल्या इंधनाचे बाष्पीभवन होत नाही.

४) पीसीव्ही रचनेतील बदल : मूळ नळी काढून केवळ उघडा कॅच कॅन लावल्यास क्रँककेसमधील वाफा ओढून घेणारी शक्ती नाहीशी होते.

यांपैकी पहिले कारण इंधनाची आवक वाढविते, दुसरे त्याची खाली जाण्याची वाट रुंद करते, तर उरलेली दोन त्याचे निर्गमन रोखतात. म्हणूनच केवळ रिमॅप करणाऱ्यास दोष देणे अथवा सरसकट रिंग बदलणे हे दोन्ही उपाय घाईचे ठरतात.

लक्षणे व त्यांची मर्यादा :
डिपस्टिकवरील पातळी वाढणे, तेलास पेट्रोलचा वास येणे, ते पातळ वाटणे आणि गरम इंजिनात मंद गतीला तेलाचा दाब घटणे ही प्रमुख लक्षणे होत. त्यांतील पातळीच्या लक्षणावर सर्वाधिक भिस्त ठेवली जाते आणि तेच सर्वाधिक फसवे आहे. समजा, चेंबरमध्ये ४ लिटर तेल आहे. काही हजार किलोमीटरमध्ये ३०० मिलिलिटर तेल जळाले आणि तेवढेच इंधन आत उतरले, तर पातळी जागच्या जागी दिसेल. गाडी तेल खात नाही, असे समाधान मालकास वाटेल. प्रत्यक्षात मात्र तेलात ७.५ टक्के इंधन असेल. सर्वसाधारणपणे २ टक्क्यांच्या पुढे सावधगिरी आणि ५ टक्क्यांच्या आसपास तातडीची कृती अपेक्षित असते, हे लक्षात घेता या समाधानाचे मूल्य किती मोठे असू शकते याची कल्पना येईल. टर्बोचार्जरचे बेअरिंगही याच तेलावर अवलंबून असते, हेही विसरून चालणार नाही. तेल बदलण्याचा खर्च आणि इंजिन पुन्हा बांधण्याचा खर्च यांतील अंतर येथेच ठरते.

प्रयोगशाळेतील तपासणी :
पहिली चाचणी तेलाच्या दाटपणाची, म्हणजेच श्यानतेची. एसएई वर्गीकरणानुसार ३० श्रेणीच्या तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या दरम्यान असावी लागते. ११ सेंटिस्टोकचे तेल ८.५ वर आले, तर ते २० श्रेणीत उतरले असे समजावे. परंतु श्यानता घटण्याचे कारण इंधनच असते असे नाही. बहुश्रेणी तेलातील दाटपणा राखणारे पॉलिमर यांत्रिक ताणाने तुटले तरी तोच परिणाम दिसतो. याउलट, ऑक्सिडीकरणाने तेल घट्ट होत असल्यास इंधनाचा परिणाम झाकलाही जातो.

म्हणून फ्लॅश पॉइंट ही दुसरी चाचणी आवश्यक ठरते. ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योतीच्या संपर्कात क्षणभर पेट घेते, ते तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. पॉलिमर तुटल्याने तो फारसा बदलत नाही, इंधनामुळे मात्र स्पष्टपणे खाली येतो. इंधनाची नेमकी टक्केवारी हवी असल्यास गॅस क्रोमॅटोग्राफी ही विश्वसनीय पद्धती होय. त्याच नमुन्यातील लोह, तांबे व शिसे यांचे प्रमाण मोजल्यास झीज सुरू झाली आहे किंवा नाही, हेही समजते.

नमुना केव्हा घेतला, यास येथे विशेष महत्त्व आहे. महामार्गावरील दीर्घ प्रवासानंतर घेतलेल्या नमुन्यातून पेट्रोल उडून गेलेले असते आणि अहवाल खोटा दिलासा देतो. मोटार नेहमी जशी वापरली जाते तशा वापरानंतर, कोमट तेलाचा नमुना घेऊन तो घट्ट झाकणाच्या बाटलीत पाठवावा.

उगमाचा शोध :
प्रमाण निश्चित झाल्यावर उगमाकडे वळावे. सोप्या चाचणीकडून अवघड चाचणीकडे जाणे श्रेयस्कर.

सर्वप्रथम, इंजिन पूर्ण तापवून ईसीयूमधील फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात करीत असलेली वाढ-घट, पाहावी. ती मोठ्या प्रमाणात ऋण असल्यास कोठून तरी जादा इंधन येत आहे. आता पीसीव्ही नळी काढून इनटेककडील तोंड बंद करावे. आकडा शून्याकडे सरकला, तर ते जादा इंधन तेलातून उठणाऱ्या वाफांचे आहे. तो ऋणच राहिला, तर इंजेक्टर, इंधनाचा दाब अथवा रिमॅप यांकडे संशयाची दिशा वळते.

दुसऱ्या टप्प्यात इंजिन बंद केल्यावर इंधनवाहिनीतील दाब किती काळ टिकतो ते पाहावे व सर्व स्पार्क प्लग काढून तुलना करावी. एकच प्लग ओला वा काळा असेल, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळत असण्याचा अथवा तेथे ठिणगी चुकत असण्याचा संभव अधिक. सर्वच प्लग काळे असतील, तर दोष सामाईक, म्हणजे बहुधा इंधननियोजनाचा असतो.

तिसऱ्या टप्प्यात कॉम्प्रेशनची चाचणी करावी. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडल्यावर दाब वाढला, तर रिंगची पकड सैल आहे असा निष्कर्ष निघतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : रिंग सैल असल्याने इंधन खाली जाते, तसेच इंधनाने भिंती धुतल्या गेल्यानेही रिंगची पकड सुटते. म्हणून समृद्ध मिश्रणाचा दोष आधी दूर करून, तेल व फिल्टर बदलून, काही अंतर मोटार चालवल्यावर ही चाचणी पुन्हा घ्यावी. इंजिन खोलण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली असल्यास मात्र कोणत्याही चाचणीसाठी इंजिन चालू करू नये. क्रँकशाफ्ट तेल घुसळून फेस करतो आणि क्रँककेसमधील पेट्रोलच्या वाफा ज्वालाग्राही असतात. अशा वेळी आधी नमुना घ्यावा, मग तेल बदलावे.

समारोप :
फेरफार केलेल्या मोटारीच्या बाबतीत मालक, मेकॅनिक व रिमॅप करणारा हे तिघे परस्परांकडे बोट दाखवितात, असा अनुभव अनेकदा येतो. क्रमाने केलेली तपासणी हा वाद मिटवू शकते, कारण प्रत्येक टप्पा एकेक शक्यता बाद करीत जातो. नवे तेल भरून ठरावीक अंतरानंतर दुसरा नमुना तपासणे, हा या क्रमाचा अखेरचा व बहुधा गाळला जाणारा टप्पा होय. दुसऱ्या नमुन्यात इंधनाचे प्रमाण खाली आले, तरच दुरुस्ती झाली असे म्हणता येते. अन्यथा केवळ तेल बदलले गेलेले असते.