लोकपुरुषसाम्य आणि दशमुळांची खरेदी

२०२७ च्या सिंहस्थातील साधुग्रामासाठी तपोवनातील वृक्ष तोडण्याच्या प्रस्तावास २०२५ मध्ये अनेक नाशिककरांनी विरोध केला. अशा वादांच्या मुळाशी दोन दृष्टी असतात. देकार्तने १६३७ मध्ये मानवाला निसर्गाचा स्वामी होण्याचा मार्ग दाखविला. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मात्र पुरुष हा लोकाशी तुल्य मानला आहे. म्हणूनच विमानस्थानात वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीचे कारण अधर्म, आणि अधर्माचे कारण प्रज्ञापराध सांगितले आहे.

आपण वैद्य दुसऱ्या दृष्टीचे वारस. परंतु खरेदी करताना ती स्मरते काय? बेल, अग्निमंथ, टेटू, पाडळ व शिवण या बृहत्पंचमुळातील वृक्षांचे मूळ खणले की वृक्षच संपतो. त्यामुळे पुष्कळदा मुळाऐवजी खोडाची साल वापरली जाते. अशोकाची साल सभोवार सोलली तर तोही वाळतो, आणि आसुपालवाची साल अशोक म्हणून बाजारात खपते. वन उजाडले की औषधही खोटे होते.

म्हणून वैद्यबंधूंनी व औषधनिर्मात्यांनी द्रव्याच्या भावाबरोबरच ते कोठून व कसे काढले, हेही विचारावे. लोकपुरुषसाम्याची परीक्षा तेथेच आहे.