लाल दिवा वडखळपर्यंत वाट पाहत नाही

डॅशबोर्डवर एखादा दिवा लागला की पेण-रोहा पट्ट्यात गाडीतल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: वडखळपर्यंत जाईल ना? गाडी रोह्याकडून येत असेल तर नागोठण्यापर्यंत. नाक्यावर गॅरेज असतं, ओळखीचं कोणीतरी भेटतं, म्हणून हा प्रश्न समजण्यासारखा आहे. पण त्याचं उत्तर दिव्यागणिक बदलतं. काही दिवे घेऊन निवांत घरी जाता येतं, तर काही दिवे लागल्यावर पुढचा एक किलोमीटरही इंजिनच्या जिवावर बेततो. कोणता दिवा कोणत्या जातीचा, याबद्दल आपल्याकडे ऐकीव माहितीच जास्त आहे.

सुरुवात रंगापासून करावी. गाडी कोणत्याही कंपनीची असो, चिन्हं बहुतेक सारखीच असतात, कारण ती आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकातून आलेली आहेत. लाल म्हणजे धोका, लगेच लक्ष द्या. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे बिघाड आहे, लवकर तपासून घ्या. हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, एवढीच माहिती. हँडब्रेक, सीटबेल्ट आणि उघडा दरवाजा यांचेही दिवे लाल असतात, पण त्यांचं कारण तिथल्या तिथे दूर करता येतं. ते तीन वगळून उरलेला कोणताही लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी कडेला घ्यायची.

यातला सर्वांत महाग पडणारा गैरसमज तेलाच्या झारीच्या लाल चिन्हाबद्दल आहे. ‘ऑईल थोडं कमी झालंय, पुढे टाकू’ असा त्याचा अर्थ लावला जातो. पण हा लाल दिवा ऑईल किती आहे ते सांगतच नाही. तो ऑईलचा दाब सांगतो. इंजिनच्या तळाच्या चेंबरमधून पंप ऑईल खेचतो आणि दाबाने बेअरिंगपर्यंत पोचवतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलचा अगदी पातळ थर असतो, त्याच्यावरच शाफ्ट फिरतो. दाब गेला की तो थर जातो आणि धातूवर धातू घासू लागतो. मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या घेणारं इंजिन त्या अवस्थेत फार थोडा वेळ टिकतं. मग बेअरिंग जळतात, शाफ्ट खराब होतो, कधी इंजिन जागीच जाम होतं. ऑईलचा डबा काही शे रुपयांत येतो. इंजिन उघडून बांधायचं तर खर्च हजारांमध्ये जातो, कधी लाखाच्या घरात.

आपल्या रस्त्यावर हा दिवा लागण्याचं एक खास कारण आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि पुढची कित्येक वर्षं या टप्प्यात गाड्या खड्डे, खडी आणि अर्धवट वळणांतून चालवाव्या लागल्या. खोल खड्ड्यात गाडी आपटली किंवा दगड खालून लागला की चेंबर फुटतं आणि ऑईल रस्त्यावर सांडतं. अशा आपटीनंतर लाल झारी दिसली तर इंजिन तिथेच बंद करावं आणि खाली वाकून बघावं. चेंबर फुटलेलं असेल तर वरून ऑईल ओतून उपयोग नाही, गाडी टो करूनच न्यावी लागते. आणि याचा उलटा अर्थही लक्षात ठेवायला हवा: दिवा लागलेला नाही म्हणून ऑईल पुरेसं आहे, असं समजू नये. पातळी बरीच खाली जाईपर्यंत पंप दाब देत राहतो. पातळी कळते ती पट्टीवरच. सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबल्यावर पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. पंधरवड्यातून एकदा एवढं केलं तरी खूप झालं.

तापमानाचा काटा दुसऱ्या क्रमांकावर येतो. ‘काटा जितका खाली तितकं इंजिन खूश’ ही समजूत चुकीची आहे. इंजिनला ९० अंश सेल्सियसच्या आसपासची ऊब हवी असते, त्याच तापमानाला ते नीट आणि कमी इंधनात चालतं. काटा कायम तळाशीच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. शिवाय आजच्या बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. आत दहा-पंधरा अंशांचा फरक पडला तरी तो हलत नाही, कारण सतत हलणारा काटा बघून गिऱ्हाईक घाबरतं. म्हणून मधला काटा वर सरकू लागला की ती किरकोळ बाब राहिलेली नसते. काही गाड्यांत काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल दिवा एवढंच असतं. सकाळी दिसणारा तो निळा दिवा बिघाडाचा नाही.

गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मुंबईहून कोकणात निघालेल्या गाड्यांची रांग पेणच्या अलीकडे-पलीकडे मुंगीच्या पावलाने सरकते. काटा चढतो तो तेव्हा. तो कधी चढतो यावरून दुखणं ओळखता येतं. रांगेत उभं असताना चढला आणि रस्ता मोकळा झाल्यावर उतरला, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर. सुकेळी खिंडीच्या चढावर किंवा भरधाव असताना चढला, तर कूलंट कमी झालेलं, वॉटर पंप गेलेला किंवा हेड गॅस्केट उडालेलं असू शकतं. अशा वेळी एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात असा लावावा. हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच असल्याने इंजिनची थोडी उष्णता गाडीच्या आत येते. घाम फुटेल, पण सुरक्षित जागा मिळेपर्यंत वेळ मिळतो. लाल दिवा लागला तर तेवढाही वेळ घेऊ नये. आणि गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कोणी कितीही आग्रह केला तरी उघडायचं नाही. बंद दाबाखालचं कूलंट १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही, पण झाकण निघताच दाब सुटतो आणि ते उसळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबणं हाच मार्ग.

बॅटरीचा लाल दिवा लागला की लोक बॅटरीच्या दुकानात जातात. हा दिवा चार्जिंग बंद पडल्याचं सांगतो. दोष बहुधा अल्टरनेटरमध्ये किंवा तो फिरवणाऱ्या बेल्टमध्ये असतो आणि नवीन बॅटरीही काही वेळात उतरते. कित्येक गाड्यांत हाच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. म्हणून बॅटरीच्या दिव्यासोबत तापमानाचा काटा चढताना दिसला तर बेल्ट तुटला असं समजून लगेच थांबावं. कडेला घेऊन पाहिल्यावर काटा जागेवर असेल तर एसी, म्युझिक बंद करून जवळचं गॅरेज गाठता येतं. दिवसा जमेल, रात्री हेडलाइट आणि वायपर बॅटरी भराभर खातात.

पावसाळ्यात आणखी एक प्रसंग येतो. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नागोठण्याला अंबा आणि रोह्याला कुंडलिका पात्राबाहेर आली की रस्त्यावर पाणी येतं. पाण्यात गाडी बंद पडते, समोर झारी आणि बॅटरी असे दोन्ही लाल दिवे दिसतात, आणि घाबरलेला चालक पुन्हा पुन्हा सेल मारतो. किल्ली चालू आणि इंजिन बंद असेल तर हे दोन दिवे लागणारच, त्यांत नवीन काही नाही. खरा धोका सेल मारण्यात आहे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायची नाही, माणसांनी उतरायचं आणि गाडी ढकलून बाहेर काढायची.

पावसातला दुसरा गैरसमज लाल त्रिकोणाच्या बटणाचा, म्हणजे चारी इंडिकेटरचा. कर्नाळ्याच्या खिंडीत सर आली की निम्म्या गाड्या चारी इंडिकेटर लावून धावतात. त्यांना वाटतं आपण जास्त ठळक दिसतो. चारी इंडिकेटरचा अर्थ ‘मी थांबलोय किंवा अडचणीत आहे’ असा आहे. ते चालू असताना वळणाचा इशारा देता येत नाही, आणि खरोखर बंद पडलेली गाडी कोणती ते मागच्याला ओळखू येत नाही. पावसात डिप्पर लावावा, फारच धूसर असेल तर मागचा फॉग लॅम्प. वडखळला, जिथून अलिबागचा रस्ता फुटतो तिथे, ‘मी सरळ जाणार’ हे सांगायला चारी इंडिकेटर लावणारेही दिसतात. बाजूने येणाऱ्याला तुमची एकच बाजू दिसते. तो समजतो तुम्ही वळताय, आणि गाडी पुढे घालतो. सरळ जाणाऱ्याने कोणताच इंडिकेटर द्यायचा नसतो. या सवयीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण बाकीच्या चुका इंजिनला भोवतात आणि ही माणसांना.

हेडलाइटच्या चिन्हाचा निळा दिवाही त्याच पंगतीतला. तो दिसतोय म्हणजे अप्पर चालू आहे. भिसे खिंडीत रात्री समोरून दुचाकी येत असताना तो निळा दिवा विझलेला हवा.

पिवळ्यांकडे वळू. इंजिनचं चिन्ह लागलं की ‘बॅटरीचं टर्मिनल काढून लावा, जाईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. दिवा जातोही, पण संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोडही पुसला जातो आणि मेकॅनिकच्या हाती काही उरत नाही. स्थिर पिवळा दिवा असेल, गाडी नीट खेचत असेल, तर सावकाश गॅरेजला जावं. तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. वेग कमी करून लवकरात लवकर थांबावं.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी पकडणाऱ्या फिल्टरचा दिवा असतो. रोहा ते धाटाव एमआयडीसी अशा रोजच्या छोट्या फेऱ्या करणाऱ्यांना तो हमखास भेटतो. काजळी जळायला फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि चार किलोमीटरच्या फेरीत ते होत नाही. दिवा लागला म्हणून फिल्टर बिघडला असं नाही. मोकळ्या रस्त्यावर पुस्तिकेत दिलेल्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग चालवली की तो बहुधा विझतो. दुर्लक्ष केलं तर मात्र फिल्टर तुंबतो, आणि तो फार महाग असतो.

एबीएसचा पिवळा दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले, असं नाही. साधे ब्रेक लागतात, फक्त चाक लॉक होण्यापासून वाचवणारी यंत्रणा बंद असते. ओल्या रस्त्यावर अंतर वाढवून चालवावं. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवा लागला तर प्रकरण वेगळं. हँडब्रेक खाली असूनही लाल दिवा राहिला तर ब्रेक ऑईल कमी झालंय. तिथे ‘नाक्यापर्यंत’ हा शब्द काढूच नये.

वेगाच्या काट्यावर लोकांचा डोळे झाकून विश्वास असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त दाखवलं तर चालेल, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत. म्हणजे खरा वेग ८० असेल तर काटा ९२ पर्यंत दाखवू शकतो. मोबाइलवरचा नकाशा आणि काटा यांत फरक दिसतो तो यामुळे, काटा बिघडल्यामुळे नव्हे. पण मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले की हे गणित फिरतं आणि काटा कमी दाखवू लागतो. १ जुलै २०१९ पासूनच्या मोटारींत ८० च्या वर थांबून थांबून आणि १२० च्या वर सलग बीप वाजते. ती वेगमर्यादा सांगत नाही. गावातून जाताना पाटीवर ४० लिहिलेलं असेल तर ७० ला बीप गप्पच असणार.

पेट्रोलच्या काट्याशेजारी पंपाचं चित्र असतं. त्यातली नळी ज्या बाजूला, त्या बाजूला टाकीचं झाकण, असं बरेच जण सांगतात. नळीवर विसंबू नका, चित्राशेजारचा छोटा बाण बघा. फोर्ड कंपनीच्या जिम मोयलन यांना पावसात चुकीच्या बाजूने पंपाला गाडी लावल्यावर ही कल्पना सुचली. एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी वरिष्ठांना टिपण लिहिलं, १९८९ च्या मॉडेलांत बाण आला आणि मग जगभर पसरला.

सीएनजीवाल्यांची तक्रार वेगळी: भरून निघालो तेव्हा चार दिवे होते, दोन-चार किलोमीटरवर तीन झाले, म्हणजे पंपवाल्याने फसवलं. सीएनजीचे दिवे दाबावर चालतात. २०० बारपर्यंत झपाट्याने भरताना टाकीत गॅस तापतो, दाब जास्त दिसतो. गॅस थंड झाला की दाब आणि दिवा दोन्ही उतरतात. पैसे किलोवर मोजलेले असतात, दिव्यांवर नाही.

सीटबेल्टची बीप गप्प करायला नुसती क्लिप खाचेत अडकवण्याची पद्धत आहे. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. एअरबॅग आहे म्हणून बेल्ट नको, हा त्यामागचा विचार जीवघेणा आहे. एअरबॅग बेल्टच्या जोडीने काम करण्यासाठी बनवलेली असते. बेल्ट नसलेलं शरीर पुढे फेकलं जातं आणि उघडणाऱ्या बॅगवर आदळतं.

राहिली जुनी गाडी घेण्याची गोष्ट. एमएच-०६ पासिंगची, चांगल्या भावात मिळणारी गाडी बघायला गेलात तर ‘एकही दिवा नाही, गाडी क्लीन आहे’ हे ऐकून घ्या आणि मग किल्ली घ्या. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली की दिवे उजळले पाहिजेत: झारी, बॅटरी, इंजिन, एबीएस, एअरबॅग. ही गाडीने घेतलेली स्वतःची तपासणी असते. काही सेकंदांत एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा विझतो, इंजिन सुरू झाल्यावर बाकीचे. एखादा दिवा मुळात उजळलाच नाही, तर त्याचा बल्ब गेलेला असेल किंवा दोष लपवायला काढलेला असेल. एअरबॅगच्या बाबतीत हे विशेष तपासा. अपघातात बॅग उघडून गेलेली आणि पुन्हा न बसवलेली गाडी दिवा बंद करून विकली जाऊ शकते. अशी गाडी असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा, भाव कितीही उतरवला तरी.