रद्दीतून परतलेली घरे

आर. एस. देशपांडे हे पुण्याचे अभियंते. ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हे त्यांचे पुस्तक १९३९ साली निघाले. त्याआधी १९३१ आणि १९३५ मध्येही त्यांनी घरबांधणीवर पुस्तके लिहिली होती. भाषा इंग्रजी असली तरी डोळ्यांसमोर वाचक होता तो वाडा किंवा चाळ सोडून स्वतःचा प्लॉट घेऊ पाहणारा नोकरदार आणि वकील. हौस दांडगी, खिसा बेताचा, असा.

काळही अनुकूल होता. नोव्हेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले आणि लोकांची रीघ लागली. त्याच्या वर्षभर आधी दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ‘एसीसी’ झाली होती.

आज गृहसजावट म्हटले की पडदे, रंग आणि फॉल्स सीलिंग आठवते. देशपांडे यांच्या पुस्तकांचा जीव मात्र हवा, ऊन आणि सांडपाणी यांत अडकलेला आहे. स्वयंपाकघराचा धूर कुठे जाणार, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर येणार, पाहुणा बसलेला असताना घरातल्या बायका कुठून ये-जा करणार, हे प्रश्न आधी सोडवायचे आणि खुर्च्या मग मांडायच्या. यातला सर्वांत नाजूक प्रश्न संडासाचा होता. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात तो छपराखाली आणणे ही केवळ नळजोडणी नव्हती, मनाची समजूत घालणेही होते. मुंबईत दादर-माटुंग्याच्या फ्लॅटमध्ये तो घरात कसा आला, याचा मागोवा निखिल राव यांनी २०१३ च्या आपल्या इतिहासग्रंथात घेतला आहे.

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये असे जुने पुस्तक हाती लागले तर ते परके वाटणार नाही. नेपियर टाउनप्रमाणेच ही इंग्रजी अमदानीतली वस्ती. उंच छत, जाड भिंती, व्हरांडा आणि उन्हाळ्यात वाळ्याची ताटी हा तिथल्या बंगल्यांचा उन्हावरचा जुना तोडगा होता. विजेचा पंखा आला, सिमेंटचा स्लॅब आला, तसे छत खाली येऊ लागले. बांधकामाचे सामान तर उशापायथ्याशीच होते: कटनी तेव्हा जबलपूर जिल्ह्यात होते आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातच तिथे सिमेंट बनू लागले होते. सांडपाण्याचे नळ आणि कौले खुद्द जबलपूरच्या पॉटरी कारखान्यांत तयार होत. आता त्या बंगल्यांच्या आवारांत नर्सिंग होम आणि फ्लॅट उभे राहतात. घर रिकामे होताना कपाटातली पुस्तके किलोच्या भावाने जातात.

जुन्या बाजारात मिळालेली प्रत वाचताना आधी आवृत्तीचे पान पाहावे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे खर्चाचे आकडे आज हास्यास्पद वाटतात, पण खिडकीची दिशा महागाईने बदलत नाही. मग समासांतल्या पेन्सिलीच्या खुणा पाहाव्यात. कुणी एखादी खोली खोडून देवघर काढलेले असेल, तर छापील नकाशापेक्षा ती दुरुस्ती अधिक बोलकी समजावी. नकाशांची पाने घडीवर फाटतात. त्यांना चिकटपट्टी लावू नये, ती पुढे पिवळी पडून कागद खाते. कसर लागलेली प्रत कडक उन्हात ठेवण्याऐवजी सावलीत, वाऱ्यावर, उघडून ठेवावी.